आराम नावाचा रोग

वाशीममध्ये माझं सर्जिकल सामानाचं दुकान आहे. सरकारी आरोग्य योजनेतल्या रुग्णांच्या घरी मी ऑक्सिजनचं मशीन बसवतो आणि त्याचे पैसे सरकार देतं. म्हणजे, देणार असतं. त्याआधी रुग्णाला योजनेच्या कार्यालयातून एक फोन येतो. मशीन खरंच पोहोचलं की दुकानदाराने गिळलं, हे बघायला. माझ्यासारख्या चोरावर नजर ठेवायलाच हवी, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

अनसिंगजवळच्या एका काकांकडे मी असंच मशीन बसवलं होतं. जन्मभर वांगी-मेथी पिकवून बाजारात नेणारा माणूस. आता फुप्फुसांनी साथ सोडली म्हणून नाकात नळी घालून खाटेवर. नळी काढली की जीव कासावीस. त्यांना तो फोन आला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काका, आता तब्येत कशी आहे?"

आमच्याकडे या प्रश्नाला एकच उत्तर असतं. एवढ्या आपुलकीने विचारणाऱ्याचं मन मोडायचं नसतं. काका म्हणाले, "आराम हाय."

मुलीने 'रुग्णास आराम' या चौकटीत खूण केली. आता नियम असा, की आराम पडलेल्या रुग्णाकडून पुरवठादाराने मशीन उचलून आणावं, नाहीतर बिल नामंजूर.

मी कार्यालयात फोन लावला. "साहेब, तो आराम तसा नाही."

"मग कसा?"

"बोलायचा आराम."

"तसा पर्याय आमच्याकडे नाही," साहेब म्हणाले. पण माणूस दयाळू. त्यांनी उपाय सांगितला: रुग्णाचं मशीन बंद करायचं, बोटाला ऑक्सिजन मोजायचं मीटर लावायचं, आकडा पुरेसा खाली येईपर्यंत व्हिडिओ काढायचा आणि अ‍ॅपवर चढवायचा. हा नियम ज्याने लिहिला, त्याचा श्वास फार उत्तम चालत असणार.

मी गेलो. काकू मशीनपुढे आडव्या उभ्या राहिल्या. "बंद कायले करून राह्यले?"

"काका आजारी आहेत हे दाखवायला."

"दिसून नाही राह्यलं काय?"

"मला दिसतंय, काकू. अ‍ॅपला दिसत नाही."

व्हिडिओ म्हटल्यावर काकांनी टोपी मागून घेतली, ताठ बसले. मी बटण बंद केलं. थोड्याच वेळात टोपी कलली, ओठ काळसर पडले, हात काकूंचं मनगट शोधू लागला. आकडा उतरत होता आणि मी मोबाइल धरून उभा होतो. मला संताप आला होता, तरी मी मोबाइल हलू दिला नाही. काका एका बाजूला झुकले तसा अ‍ॅपने सल्ला दिला: 'कृपया चेहरा चौकटीत ठेवा.'

"चालू करा आता!" काकू ओरडल्या.

तेवढ्यात हिरवी खूण उमटली. 'अभिनंदन! आपला दावा पात्र आहे.' मी धावत बटण दाबलं. काकांचा श्वास बऱ्याच वेळाने ताळ्यावर आला. काकूंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं.

"आता नाही ना नेत मशीन?"

"नाही. तीन महिने तरी नाही."

"अन् मंग?"

"मग पुन्हा असाच व्हिडिओ."

काकूंनी काकांची टोपी सरळ केली.

"तवा तं हे आनखी कमजोर होतीन," त्या म्हणाल्या. "लवकर गुदमरतीन. तुमाले जास्त वेळ थांबा नाही लागणार."