उस्तादांनी लावलेली जोडी

लालमहंमद उस्ताद हसले तरी समोरच्या पोराला वाटायचं, आपण नापास झालो. चिंचवडच्या एका कारखान्यात ते बासष्ट साली मिस्त्री म्हणून लागले आणि पुढं निवृत्त होईपर्यंत नव्या पोरांना फिटरचं काम शिकवत राहिले. सुरुवातीला पोरं डबे खाताना आपापल्या जातीची कोंडाळी करून बसत. उस्ताद त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. भाषण त्यांना जमायचंच नाही. स्वतःच्या निकाहातसुद्धा हे 'कबूल'च्या पुढं गेले नव्हते, असं त्यांच्या बेगम मुमताजभाभी सांगायच्या.

त्यांनी फक्त जोड्या लावल्या, त्याही स्वतःच्या मर्जीनं. एकानं लोखंडात खाच करायची, दुसऱ्यानं तिच्यात बसेल असा ठोकळा. बसला तर दोघं पास, नाहीतर दोघं घरी.

रावेतच्या धोंडीबाच्या वाट्याला किसन आला. धोंडीबाच्या घरी पाटीलकी, किसनच्या घरी बुद्धाची तसबीर. धोंडीबाचे वडील थेट मॅनेजरसाहेबांना भेटून आले. साहेबांनी उस्तादांना बोलावलं. "ही जोडी नापास झाली, तर पुढच्या बॅचपासून पोरंच आपापल्या जोड्या ठरवतील."

"होईल पास, साहेब."

परीक्षेच्या आठवडाभर आधी उस्तादांनी बघितलं, तर धोंडीबाचा ठोकळा किसनच्या खाचेच्या तोंडाशीच अडलेला.

"उस्ताद, माझं माप बरोबर हाय," धोंडीबा म्हणाला.

"माझंबी," किसन म्हणाला.

"वा! म्हणजे लोखंडच बदमाश. निळा रंग कुठंय?"

डबी कपाटात, झाकणही न उघडलेली. ठोकळ्याला निळा रंग लावून खाचेत सरकवायचा आणि रंग जिथं लागेल तिथं घासायचं, ही फिटरची रीत. पण त्यासाठी दुसऱ्याचा तुकडा हातात घ्यावा लागतो. तेवढं टाळण्यासाठी दोघांनी नकाशातल्या मापांशीच संसार मांडला होता.

उस्तादांनी रंगाची डबी मधोमध ठेवली आणि पाठ फिरवली. दुपारपर्यंत नुसता कानशीचा आवाज. मग तोंडं उघडली.

"खाच हाय का बोळ, रं?"

"तुझ्या ठोकळ्याला पोट सुटलंय, भावा. पाटलाचा ना!"

उस्ताद तिकडं चहा पीत मिशीत हसले.

परीक्षेला साहेबांनी ठोकळा सरकवला. अलगद बसला. उजेडासमोर धरला, तर फटीतून किरणसुद्धा येईना. "उत्तम! पण हा ओरखडा कुणाचा?"

"ह्याचा!" दोघांनी निळ्या बोटांनी एकमेकांकडं दाखवलं, आणि त्यांची जी जुंपली ती थांबेना.

साहेब गांगरले. "अहो, हे तर भांडतायत!"

"हां, आता बोलायला लागलेत," उस्ताद म्हणाले. "पुढच्या बॅचच्या जोड्या मीच लावतो, साहेब."