मिस्त्रींची जर्मन रेकॉर्ड

पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचं आयुष्यात एकच म्हणणं होतं: जगाने एका जर्मन रेकॉर्डवर अन्याय केलाय.

प्रोग्रेसिव्ह रॉक नावाच्या प्रकारातली तबकडी ती. अख्खी बाजू म्हणजे एकच गाणं. त्यात ऑर्गन, बासरी आणि मधूनच कुणीतरी जर्मनमध्ये रागावतं. बँडने एवढी एकच रेकॉर्ड काढून गाशा गुंडाळला. त्या काळच्या एका समीक्षकाने ‘गाडी चुकत असल्यासारखे वाजवतात’ म्हणून त्यांना निकालात काढलं होतं.

“घाई? अहो, हत्ती चालतोय हत्ती!” गिऱ्हाइकाच्याच इस्त्रीवर थाप मारून मिस्त्री सांगत. गिऱ्हाईक इस्त्रीच्या काळजीने मान डोलवी.

“हत्ती कुठला, आजारी म्हैस ती,” बायको म्हणे. पण रेकॉर्ड लागली की भांडी मात्र हळू ठेवी.

मिस्त्रींच्या साडूंचं चष्म्यांचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत दर रविवारी ते रेकॉर्डवेड्यांची बैठक भरवत आणि मिस्त्रींना टाळत. पण आता मिस्त्रींचा एक कान गेला होता, दुसरा वाटेवर होता. तो जायच्या आत कुणा जाणकाराने ‘वा’ म्हटलेलं ऐकायचं होतं त्यांना. शेवटी साडू विरघळले. “आणा एकदाची तुमची म्हैस!”

मिस्त्रींनी रेकॉर्ड तान्ह्या बाळासारखी टॉवेलात गुंडाळून नेली. सुई टेकली आणि त्यांचा चेहरा उतरला. हत्ती दुडूदुडू धावत होता. रागावणारा माणूस चॉकलेटसाठी हट्ट करत होता.

“साडूभाऊ, तुमचं मशीन पळतंय!”

साडूंनी दिवा जवळ धरला. “थाळीच्या कडेचे ठिपके बघा. वेग बरोबर असला की या दिव्यात ते उभे दिसतात. हलतायत का? मिस्त्री, घरच्या मशीनचा पट्टा कधी बदललात?”

मिस्त्रींनी गावभर पट्टे बदलले होते. घरचा होता तो मशीनबरोबर आलेला, सैल होऊन लोंबायला आलेला, थाळी रेंगाळत फिरवणारा.

मंडळींनी पाहुण्याच्या मानासाठी रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकली. “बरी आहे,” एकजण म्हणाला, “जरा घाईत आहेत बिचारे.”

घरी येऊन मिस्त्रींनी तीच बाजू आपल्या मशीनवर लावली. हत्ती काही आला नाही. नुसता पट्टा घसरताना ऐकू येत राहिला.

“अहो, मग नवा पट्टा घाला की,” बायको म्हणाली.

“कशाला? तो समीक्षक ऐकायला?”

त्यांनी सुई उचलली, आणि भरदुपारी, चांगला कान उशीत खुपसून, ते आडवे झाले.