शून्यापासून मोजलेल्या खुर्च्या

आमचे खिडकीकाका नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर बसत. वय पन्नास, लग्न नाही, आणि भित्रे म्हणजे इतके भित्रे की विचारू नका! दर शनिवारी ते पहिल्या रांगेतल्या शेवटच्या, विसाव्या खुर्चीवरून नाटक बघत. नाटक कसलं डोंबलाचं! दुसऱ्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर, म्हणजे पार त्या टोकाला, दातांच्या डॉक्टरीणबाई बसत. दहा वर्षं काका मान वळवून तिकडेच बघत होते. एकदा बोलायचंच म्हणून त्यांच्या दवाखान्यात जाऊन धडधाकट दाढ उपटून घेतली, तर तोंडात बोळा! राहिलं बोलायचं.

मग नवा कंप्यूटर आला. खुर्च्यांचा प्रोग्रॅम काकांनीच कधीकाळी लिहिलेला. नव्या मशीनवर त्याच भाषेची नवी आवृत्ती होती आणि ती जुना प्रोग्रॅम काही केल्या घेईना. काकांनी आठवडाभर खपून एकेक ओळ बदलली, दर शनिवारची खुर्ची ठरलेल्या तीनशे पासवाल्यांची यादी आत घातली, नवे पास छापले. एकच गोष्ट नजरेतून सुटली. जुनी आवृत्ती एकापासून मोजायची, नवी शून्यापासून; म्हणजे वीस नंबर आता एकविसाव्या खुर्चीचा.

शनिवारी हॉलभर नुसता गोंधळ! जो तो एक खुर्ची पुढे सरकलेला. रांगेच्या शेवटचे लोक मागच्या रांगेच्या सुरुवातीला. तीनशेव्या खुर्चीवाले, म्हणजे मॅनेजरचे सासरे, त्यांना तर खुर्चीच उरली नाही. ते पास नाचवत जिन्यात बोंबलत होते. आणि काका? काका आले दुसऱ्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर, आणि शेजारी डॉक्टरीणबाई!

"दाढ कशी आहे?" बाईंनी विचारलं.

"नाहीये," काका म्हणाले.

बाई इतक्या हसल्या की पुढचे लोक वळून बघायला लागले. काका आनंदाने वेडे व्हायचे बाकी होते.

मध्यंतरात मॅनेजर लालबुंद होऊन आला. "उद्याच्या उद्या दुरुस्त करा, नाहीतर मला घरात घेणार नाहीत!"

काकांनी केलं. काय करणार, प्रामाणिक माणूस! बदलायची होती एक ओळ, लागले दोन तास, त्यातला पाऊण तास नुसते उसासे.

पुढच्या शनिवारी काका आपल्या जुन्या कोपऱ्यात येऊन बसले. सवयीने मान वळवली, तर बाईंच्या जागेवर शिंपी! काकांच्या शेजारी एकोणिसाव्या खुर्चीत कायम घोरणारा तो शिंपी. काका मान आणखी ताणून मागच्या रांगा धुंडाळू लागले.

"तिकडे काय बघताय?" शेजारच्या खुर्चीतून बाई म्हणाल्या. "मी त्याच्याशी पास बदलून घेतला. तुमच्या भरवशावर राहिले असते तर आणखी दहा वर्षं गेली असती!"