पिल्लाची पाठराखीण

लग्न होऊन मी थेरगावात आले त्या वर्षी आमच्या गोठ्यात कुत्री व्यायली. दोन पिल्लं झाली. डोळे उघडले की पिल्लू लगेच न्यायचं, म्हणजे ते नव्या धन्याचं तोंड आधी बघतं आणि त्याचंच होऊन राहतं, अशी गावाची पक्की समजूत. त्याप्रमाणे एक काळेवाडीला नणंदेकडे गेलं आणि तिसऱ्या दिवशी मेल्याचा निरोप आला. मला इतका संताप आला की उरलेलं पिल्लू मी मांडीवरून खाली ठेवेना.

दुसरं पिल्लू मामंजींनी पिंपरीच्या नव्या कारखान्यातल्या साहेबांना कबूल केलं होतं. माझ्या नवऱ्याला साहेबांनीच कामावर लावलं होतं, पण अजून कायम केलं नव्हतं. रविवारी साहेब सायकलला पिशवी अडकवून हजर झाले. पिल्लू जेमतेम वीस दिवसांचं.

मी दाराआडून म्हणाले, "आपल्या तोंडानं खाया लागल्याबिगर न्यायचं न्हाई."

सासूबाईंनी मला चिमटा काढला. साहेब मात्र हसले. "मग बघूया ना, खातं का."

जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटलीत भाकरी दुधात कुस्करून मी पुढे ठेवली. पिल्लानं नाक बुडवलं, शिंकलं आणि दोनदा जीभ लावली.

"खातंय की!" मामंजींनी पिशवीचं तोंड उघडलं.

माझ्याच अटीत मी अडकले. दोनदा जीभ लावली म्हणजे पोट भरलं, असं कुठे असतं? हे पिल्लूही तिसऱ्या दिवशी जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. नवऱ्याकडे पाहिलं तर तो खाली मान घालून उभा. त्याचा मला फार राग आला. डोक्यावरचा पदर सावरून मी सरळ अंगणात आले.

"सायेब, पोरगी पयल्यांदा सासरी जाती तवा आमी संगं पाठराखीण देतो. ह्याच्यासंगं ह्याची आई न्या."

मामंजींनी डोळे वटारले. साहेब कुत्रीकडे बघत राहिले. "पाठराखीण किती दिवस राहते?"

"तिचं तिला कळंल."

साहेबांनी मान डोलावली. नवऱ्यानं कुत्रीला दोर बांधून मायलेकरांना नदीपार साहेबांकडे पोचवलं. पुढे रोज तो कामावरून आला की मी एकच विचारायची, "हाय का?" तो म्हणायचा, "हाय."

महिना होत आला असेल. एका सकाळी कुत्री गोठ्यात येऊन बसलेली, नदीतून आल्यानं ओलीचिंब, आणि एकटी. चुलीवरचा तवा खाली उतरवून मी तशीच पिंपरीला धावले.

साहेबांच्या फाटकाला हात लावला आणि आतून पिल्लू चवताळून अंगावर आलं. चांगलं गुबगुबीत झालेलं. माझ्या मांडीवर झोपणारं ते, मला ओळखेना. त्याची आई बरोबर वेळेवर परतली होती. मी फाटकाबाहेरच बसले आणि पोटभर रडले.