खिशासकट बिल्ला

लोक दुकानात वाडवडिलांचे फोटो लावतात. आमच्या टाचणीबाईंनी शिवणयंत्रावर काचेच्या चौकटीत फाटका खिसा टांगलाय! गिऱ्हाइकाने विचारलं की बाई नुसत्या गालात हसतात. मग मलाच सांगावं लागतं. माझ्या पोटात काही राहतं थोडंच!

तेव्हा ही अंगाने काडी, जिभेने टोचरी पोर, म्हणून टाचणी. राहायची पुलापलीकडच्या वस्तीत. तिकडच्या पोरांची शाळा वेगळी आणि ती आठवीतच संपायची. पुढे शिकायचं तर अलीकडची मोठी शाळा. तिथे वस्तीला मज्जाव. गणवेश दोन्हीकडे राखाडीच, फक्त मोठ्या शाळेच्या खिशावर कापडी बिल्ला. बिल्ला नाही, तर फाटकाच्या आत पाऊल नाही. आणि टाचणीला नववीत बसायचं म्हणजे बसायचंच!

आता गंमत बघा. दरवर्षी ते गणवेश शिवायची टाचणीची आत्या, आणि हाताखाली ही! मापं द्यायला येणाऱ्या पोरापोरींशी हिची गट्टी जमली, कुजबुज झाली, कट शिजला. त्या वर्षी हिने बिल्ले नुसत्या कच्च्या टाक्यावर धरले. ओढला की सुटला!

शाळेचा पहिला दिवस. वस्तीतली पोरं घेऊन टाचणी फाटकाशी हजर.

"बिल्ला कुठाय?" दारवान गरजला.

"नाही, काका."

"मग चालू लाग!"

ही हलेना. अलीकडची पोरं मात्र एकमेकांची तोंडं बघू लागली. कट शिजवणं सोपं हो, पण शाळेतून नाव काढलं गेलं तर? आणि पुढे आलं कोण? डॉक्टरांची धाकटी, जी झुरळालाही अहोजाहो करायची! तिने बिल्ल्याला हिसडा दिला. सुटेना. पुन्हा दिला. टर्रर्र! अख्खा खिसाच हातात! तेवढा एक बिल्ला नेमका आत्याने शिवला होता.

"घ्या! आता मीही बाहेरचीच," ती रडतहसत म्हणाली.

मग काय विचारता! सुर्र, सुर्र बिल्ले सुटले, दारवानाच्या पायाशी ढीग!

मुख्याध्यापक धावत आले. "बिल्ल्याशिवाय कुणीही आत यायचं नाही!"

"बरं, सर," म्हणून अख्ख्या शाळेने रस्त्यावर फतकल मारली. ऊन चढलं, आया पाणी घेऊन आल्या, अलीकडचे-पलीकडचे एकाच तांब्याने प्यायले, पण उठलं कुणी नाही. शेवटी रिकाम्या वर्गांना कंटाळून सरांनीच फाटक उघडलं. "या बाबांनो, सगळेच या!"

तेवढ्यात आत्या तणतणत आली. "कार्टे, दुकानाचं नाक कापलंस!" मग तिने तो खिसा उलटसुलट करून पाहिला आणि तिची मान ताठ झाली. "कापड फाटलं, पण माझा टाका? हललाय का बघ!"

बघायला टाचणी होती कुठे? ती केव्हाच नववीच्या पहिल्या बाकावर, डॉक्टरांच्या धाकटीला खेटून बसली होती.