सरासरी ठेवली, वाक्य खोडलं

मंडळी, आज मिरजेहून साताऱ्याला येताना एसटीत सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून बसलो. तोंड दाखवण्यासारखं काही केलंच नव्हतं.

भाची तिथं डॉक्टर. एका ऑपरेशनवरचे बरेच अभ्यास एकत्र करून तिनं मेटा-अ‍ॅनालिसिस केलं. रुग्णांच्या माहितीपत्रकात तिनं लिहिलं, ‘बहुतेक जण लवकर घरी जातात. गुंतागुंत झालेले मोजके फार दिवस राहतात, त्यामुळे सरासरी फुगते.’ भाषा तपासायला मामा. आम्ही पडलो संस्कृतवाले! ‘पाल्हाळ’ असा शेरा मारून मी सगळं खोडलं आणि सरासरी दिवसांचा एकच आकडा ठेवला. मामावर विश्वास ठेवून तिनं तसंच छापलं.

आज भाचीला भेटायला गेलो, तर वॉर्डात एक आजी पत्रक वाचून पिशवी भरत होत्या.

“एवढं दिस? म्हशीची धार कोण काढंल? मला न्हाई करायचं ऑपरेशन.”

मी खाटेशी बसून खोडलेली वाक्यं तोंडी सांगितली.

आजींनी पिशवी खाली ठेवली. “आवं, मग आदीच तसं लिवायचं की! मी निगाले हुते नव्हं!”

भाची शेजारीच होती. एरवी माझी टर उडवणारी पोर आजींच्या पत्रकावर ती वाक्यं पेनानं लिहू लागली.

तुम्ही कधी सुटसुटीतपणासाठी खरं वाक्य खोडलंय? आजी थांबल्या. त्यांच्याआधी पत्रक वाचून कोण कोण निघून गेलं, हे भाचीला विचारायचं धाडस मला झालं नाही.