वरातीची घोडी आणि सुलतानचा वंश

तबेल्यातली लीद रोज साफ होते, किस्से मात्र साचत जातात. नायगावच्या खाडीकाठी बाळारामकाकांचा तबेला आहे. मी तिथे दर रविवारी घोडा शिकायला जातो. शिकलो फारसं नाही, ऐकलं भरपूर.

समोरच्या टॉवरमधले देशमुख सर रिटायर झाल्यावर इथेच रमले. त्यांचं म्हणणं, घोडा रक्तावर पळतो. काकांचं म्हणणं, सवयीवर. मी दोघांना “बरोबर” म्हणतो.

*

सरांनी सुलतान नावाचा घोडा आणला. पहिल्या दिवशी त्याच्या सात पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवल्या. तेवढ्यात वाऱ्यानं एक प्लॅस्टिकची पिशवी उडाली आणि सुलतान जो बिथरला तो थेट खाडीच्या चिखलात.

काका शांतपणे म्हणाले, “आजाला पन चिखल आवडायचा काय, सर?”

*

काकांची चांदणी वरातीची घोडी. एकदा मी तिच्यावर बसलेलो असताना रस्त्यावरून डीजेची गाडी गेली. चांदणी नाचायला लागली. मी लगाम ओढतोय, ही थांबेना.

“नोट ववाला कोनीतरी,” काका ओरडले, “त्याशिवाय नाय थांबायची ती.”

शेवटी मीच खिशातली दहाची नोट काढून स्वतःवरून ओवाळली. थांबली!

*

सर एकदा सांगत होते, “आमच्या घराण्यात सगळे पट्टीचे घोडेस्वार.”

मागे सरांच्या मिसेस उभ्या होत्या. “यांना स्कूटर येत नाही,” एवढंच म्हणाल्या.

*

मग सुलतान आणि चांदणीला शिंगरू झालं, त्याचं नाव तुफान. वाढला तसा सुसाट पळायला लागला. सर म्हणत, “बाप कोणाचा?” काका म्हणत, “मेहनत कोनाची?”

तो तीन वर्षांचा झाला तेव्हा लांब पल्ल्याच्या शर्यतींचे घोडे तयार करणारा एक ट्रेनर पुण्याहून आला. “जमला तर आजच नेतो,” म्हणाला. काकांचा जन्म वरातींत गेला. आपल्या तबेल्यातला एक तरी घोडा शर्यतीत पळावा, एवढीच त्यांची इच्छा. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. मलाही वाईट वाटत होतं, कारण मायलेकरं कधी वेगळी झाली नव्हती.

ट्रेनर तुफानवर बसला आणि बांधावरून भरधाव निघाला. सर हरखून म्हणाले, “बघा, रक्त!”

इकडे चांदणी खिंकाळली, हिसका देऊन दोर तोडला आणि सुटली. जन्मभर बँडमागे पावलं मोजत चाललेली घोडी. तिला पळताना आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. बघता बघता तिनं तुफानला गाठलं, मागे टाकलं आणि पुढे जाऊन वाटेत आडवी उभी राहिली.

आम्ही धापा टाकत पोचलो. ट्रेनर खाली उतरून तिच्याकडेच बघत होता.

“काका, ही कुठल्या घराण्यातली? आणि ट्रेनिंग कोणी दिलं?”

काकांनी तिच्या गळ्यातला तुटका दोर सोडवला.

“आई हाय ती त्याची,” ते म्हणाले.